गंज आत, धूळ बाहेर: कोळशाच्या मॉडेल वॅगनला कामाचं रूप देताना

प्रश्न वणी तालुक्यातून आला आहे. एका भाऊंनी एचओ मापाच्या, म्हणजे १:८७ प्रमाणातल्या, सहा बॉक्सएन वॅगन, म्हणजे कोळसा वाहणाऱ्या वरून उघड्या मालडब्यांची मॉडेल, घेतल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "घरामागून रोज कोळशाच्या गाड्या जातात. त्या पाहून माझ्या वॅगनकडे पाहिलं की ही खेळणीच वाटतात. एअरब्रश (हवेच्या दाबानं रंग फवारणारं यंत्र) नाही, सध्या घेणंही होत नाही. हातानं वेदरिंग, म्हणजे ऊन-पाऊस-धुळीनं मळल्याचं रूप देणं, जमेल का? वावरातली माती चाळून लावली तर चालेल का? गंज कुठे आणि किती दाखवायचा? रंगाच्या आधी काय काय जोडून घ्यायचं?"

भाऊ, मातीचं आधी सांगतो, कारण बाकी काही बिघडलं तर पुसून पुन्हा करता येतं, हे पुसता येत नाही. आपली काळी माती बहुतांशी बेसाल्टच्या झिजेतून झालेली. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, आणि ते मातीतही उतरतं. खात्री करायची असेल तर वाळलेली चिमूटभर माती कागदावर पसरा आणि कागदाखालून चुंबक फिरवा. काळे कण उभे राहून चुंबकामागे पळतात. हेच कण वॅगनवरून सुटून रुळावर पडतात, आणि मागाहून येणारं इंजिन ते उचलतं. इंजिनाच्या मोटरमध्ये कायमचं चुंबक असतंच. एकदा कण आत गेले की मोटर कुरकुर करत मरते. दुसरी अडचण मापाची. चाळणीतून पडलेला ०.१ मिलिमीटरचा कण १:८७ मध्ये जवळपास ९ मिलिमीटरचा खडा होतो. वॅगनच्या अंगावर धूळ नाही, बारीक गिट्टी चिकटल्यासारखी दिसते. त्यामुळे वावरातली माती आणा जरूर, पण डबीत भरून टेबलावर ठेवा आणि रंग जुळवायला वापरा. ओली पाहू नका, वाळल्यावरचा राखाडी रंग पाहा. धूळ नेहमी मातीपेक्षा फिकट असते.

लावायला मुलतानी माती घ्या. किराणा दुकानात किंवा बांगडी-टिकलीच्या दुकानात मिळते, अतिशय बारीक असते, आणि आपल्याकडच्या उन्हाळी फुफाट्याचा रंग तिच्यात आधीच अर्धा असतो. लालसरपणासाठी गेरू. दोन्ही मलमलच्या कापडातून झटकून घ्या आणि एकदा चुंबकावर तपासा. काळा आणि राखाडी हवा असेल तर चित्रकलेच्या दुकानातले सॉफ्ट पेस्टल खडू आणून पॉलिश पेपरवर घासा. शाळेतल्या मुलांचे ऑइल पेस्टल चालत नाहीत, त्यांची पावडरच होत नाही. होळीचा रंग, हळद, कुंकू यांच्या वाटेला जाऊ नका. हळद उजेडात उडते आणि बाकीच्यात काय मिसळलंय ते कोणालाच माहीत नसतं. सिमेंटची धूळ दाखवायला खरं सिमेंट लावणारे मी पाहिलेत. पावसाळ्यात दमट हवा लागली की ते घट्ट होतं आणि रंगावर पांढरे चट्टे उठतात.

आता मुख्य गोष्ट. नवीन माणूस वेदरिंग म्हटलं की गंजाची बाटली उघडतो. सगळीकडे नारिंगी. खरी बॉक्सएन बाहेरून इतकी गंजलेली नसतेच. बाहेरून ती उन्हानं उडालेली, धुळीनं माखलेली आणि कोळशाच्या भुकटीनं काळवंडलेली असते. गंज असतो तो आत. आतल्या पत्र्यावर कोळसा दर फेरीला घासत जातो, रंग टिकतच नाही, आणि उघड्या पोलादावर पाऊस पडला की रात्रीतून तांबूस थर येतो. पुढच्या खेपेला कोळसा तो थर पुन्हा घासून काढतो. म्हणून रिकाम्या वॅगनचा आतला भाग कुठे तांबूस, कुठे काळपट, कोपऱ्यात भुकटी साचलेली आणि मधल्या पट्ट्यात घासून चकाकलेला असा असतो. तुमच्या सहा वॅगन आतून कंपनीनं दिलेल्या एकसारख्या तपकिरी रंगात असतील, तर खेळणं दिसण्याचं निम्मं कारण तिथंच आहे.

बाहेरचं समजायला फाटकावर उभं राहा. फाटक बंद असताना, गेटच्या अलीकडून, गाडीचा व्हिडिओ घ्या आणि घरी थांबवून थांबवून पाहा. रुळात उतरायचं नाही, त्याची गरजही नाही. पाहताना एकच प्रश्न विचारत जा: हा डाग इथं कशानं आला? वरच्या कडेचा रंग खरवडलेला दिसेल, कारण वीज केंद्रावर टिपलर अख्खी वॅगन उलटी करतो आणि त्याचे क्लॅम्प वरच्या कडेला धरतात. बाजूचे पत्रे उभ्या पट्ट्यांच्या मधे बाहेर फुगलेले दिसतील, कारण कुठे तरी जेसीबीच्या बकेटनं माल उपसलाय. उभ्या पट्ट्यांच्या बुडाशी धूळ साचते, कारण पावसाचं पाणी तिथंवर आणून सोडतं. दाराच्या बिजागऱ्यांखाली काळे ओघळ असतात, ते फटीतून पाण्याबरोबर आलेल्या भुकटीचे. खाली बोगीवर, म्हणजे चाकं धरणाऱ्या सांगाड्यावर, मात्र रंग ओळखूच येत नाही, सगळं मातकट तपकिरी. ब्रेकची भुकटी आणि रुळावरून उडालेली धूळ, दोन्ही तिथंच बसतात.

या गोष्टी पाहिल्या की एक नियम आपोआप कळतो: पाणी वरून खाली येतं, धूळ खालून वर जाते. तुमचा ब्रश या दोन दिशांनीच चालला पाहिजे. आडवा फटकारा वॅगनवर दिसला की बघणारा ताबडतोब ओळखतो की इथं ब्रश चालला होता.

वय ठरवायलाही फार लांब जायला नको, ते अंगावरच लिहिलेलं असतं. भारतीय वॅगनचा नंबर अकरा आकडी असतो: पहिले दोन आकडे प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, पाचवा-सहावा बनावटीच्या वर्षाचा, नंतरचे चार त्या वॅगनचे आणि शेवटचा तपासणीचा. तुमच्या मॉडेलवर पाचवा-सहावा आकडा २१ असेल आणि तुम्ही तिला तीस वर्षं झिजलेली दाखवली, तर जाणकार हसेल. उलट ९४ असेल तर बिनधास्त थकवा. आधी सहाही नंबर वाचून कागदावर वर्षं लिहून घ्या आणि त्याच क्रमानं किती मळवायचं ते ठरवा. सगळ्यांवर एकच नंबर छापलेला असेल (होतं असं), तर शेवटून दुसरा-तिसरा आकडा खरवडून डेकलच्या (चिकटवायच्या छापील आकड्यांच्या) तुकड्यानं बदला. तपासणीचा आकडा मग गणितानं जुळणार नाही, पण ते तपासणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

आता जोडकाम. एअरब्रशपेक्षा यानं जास्त फरक पडतो असं माझं मत आहे, आणि खर्च जवळपास नाहीच.

सगळ्यात आधी वरची कड. खऱ्या वॅगनचा पत्रा काही मिलिमीटरचा. मॉडेलचं प्लास्टिक साधारण एक मिलिमीटर जाड असतं, म्हणजे प्रमाणात जवळपास नऊ सेंटिमीटरची भिंत झाली. सगळी भिंत कोरायची गरज नाही. आतल्या बाजूनं फक्त वरचे तीन-चार मिलिमीटर कटरच्या पात्यानं तिरपे खरवडत या. पातं आडवं धरून ओढायचं, कापायचं नाही. वरून पाहिलं की पातळ पत्राच दिसतो. हे करताना एक-दोन ठिकाणी कड किंचित वाकडी झाली तर दुरुस्त करू नका.

मग दांडे आणि पाइप. शहरातला माणूस यासाठी बाहेरून पितळी तार मागवतो. आपल्याकडे गावोगावी पंपाची मोटर वाइंडिंग करणारा असतो, त्याच्याकडे तांब्याची इनॅमल तार किलोनं पडलेली असते. चहा पाजला तर तुकडे फुकट देतो. ३० गेजची तार ०.३१५ मिलिमीटरची असते, १:८७ मध्ये ती २७ मिलिमीटरचा दांडा होते, हातदांड्याला अगदी बरोबर. ब्रेकच्या मुख्य पाइपला २६ गेज घ्या. तार सरळ करायची सोपी रीत: एक टोक शिकंज्यात पकडा, दुसरं पकडीत धरून हलकेच ओढा. तार किंचित ताणली जाते आणि काठीसारखी सरळ होते. प्लास्टिकमध्ये ०.४ च्या ड्रिलनं, हातातल्या पिन व्हाइसनं, भोक पाडा. फेविक्विकचा थेंब तारेच्या टोकावर घ्या, वॅगनवर ओतू नका. इनॅमलवर रंग नीट धरत नाही, म्हणून तार आधी पॉलिश पेपरमधून ओढून घ्या.

दोन्ही टोकांना ब्रेकच्या रबरी नळ्या लटकतात, त्या बहुतेक मॉडेलवर नसतात. बारीक काळ्या वायरचं आवरण तार काढून वापरा. कपलिंगच्या आड यायला नको, नाहीतर वळणावर डबा उतरतो. आणि मालगाडीच्या बॉक्सएनला बाजूचे बफर नसतात, मध्यभागी सेंटर बफर कपलर असतो. काही जण युरोपातली वॅगन रंगवून बॉक्सएन म्हणून चालवतात, त्यांनी बफर कापून टाकावेत. तुमच्या मॉडेलला नसतील तर प्रश्न मिटला.

जोडकाम झालं की वॅगन कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून धुवा, जुन्या टूथब्रशनं. बोटाचं तेल राहिलं तर पुढचं सगळं त्या ठशावर फाटतं. पूर्ण वाळू द्या. चाकं आधीच काढून बाजूला ठेवलेली बरी.

इथं हवामान मधे येतं, आणि परदेशी व्हिडिओत ते कोणी सांगत नाही. पावडर धरायला पृष्ठभाग मॅट लागतो, त्यासाठी मॅट वार्निशचा स्प्रे मारायचा असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा दुपारी स्प्रे मारला तर थेंब हवेतच वाळून वॅगनवर रवाळ बसतो. म्हणून पहाटे, ऊन चढायच्या आत. कूलर चालू असलेल्या खोलीत तर मुळीच नको. कूलर हवा ओली करतो, आणि ओल्या हवेत सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग थंड पडून त्यावर वाफ धरते, वार्निश दुधासारखं पांढरं होतं. श्रावणातही हेच. पांढरं पडलंच तर कोरड्या दिवशी त्याच वार्निशचा हलका हात पुन्हा मारला की बहुतेक वेळा साफ होतं. दिवाळी ते होळी हा आपला हंगाम. स्प्रेचे डबे टिनाच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका, त्यावर ५० अंशांची मर्यादा उगाच छापलेली नसते. थ्रीडी प्रिंट केलेले भाग असतील तर तेही नाही. त्यात वापरतात ते पीएलए प्लास्टिक साधारण ६० अंशांना मऊ पडतं आणि आपल्याकडे उन्हात उभी गाडी तेवढी सहज तापते.

आता रंग. तीन द्रव हवेत. पहिलं, आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे असतंच, तो बोर्ड त्यानंच धुतो. दुसरं, रंगाच्या दुकानातलं साधं टर्पेंटाइन. तिसरं पाणी. एनसी थिनर घरात असेल तर टेबलापासून लांब ठेवा, ते प्लास्टिकच वितळवतं. टर्पेंटाइनही उघड्या प्लास्टिकवर भरपूर ओतू नका, जोडाच्या फटीत शिरून प्लास्टिक ठिसूळ करतं. वार्निशच्या वरून, ब्रशवर जेमतेम ओल एवढंच.

पहिला टप्पा ऊन. हा बहुतेक जण गाळतात आणि मग विचारतात की एवढं करूनही नवीन का दिसतं. रेड ऑक्साइडचा रंग उन्हानं गुलाबीकडे झुकतो, खडबडीत होतो. ट्यूबमधले तैलरंग घ्या: पांढरा, पिवळा ऑकर, बर्न्ट सिएना. पुठ्ठ्यावर थेंब काढून काही तास ठेवा, तेल पुठ्ठा शोषून घेतो आणि रंग मॅट वाळतो. मग वॅगनच्या एका पॅनलवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके लावा, पांढरे जास्त, बाकी तुरळक. सपाट ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून कापडावर पुसा, जवळजवळ कोरडा करा, आणि ठिपके वरून खाली ओढत राहा. ठिपके नाहीसे होईपर्यंत ओढा. उरते ती नुसती छटा. प्रत्येक पॅनलची छटा थोडी वेगळी आली पाहिजे, खरी वॅगनही तशीच असते. अक्षरांवरूनही हात फिरवा, पांढरी अक्षरं फिकट पडली की वॅगन एकदम दहा वर्षं म्हातारी होते. तैलरंग वाळायला दिवस लागतात, घाई नको. त्यातच फायदा आहे: आवडलं नाही तर दुसऱ्या दिवशीही पुसता येतं.

दुसरा टप्पा काळवंडणं. शंभर मिलिलिटर अल्कोहोलमध्ये एक ते दोन मिलिलिटर काळी ड्रॉइंग शाई, मेडिकलमधून आणलेल्या सिरिंजनं मोजून. एवढं पातळ पाहून वाटतं यानं काय होणार. होतं. वॅगन उभी धरून वरून सोडा, कोपऱ्यात आणि पट्ट्यांच्या कडेला काळसर रेघ बसते. एक हात वाळल्यावरच दुसरा. लक्षात ठेवायचं ते इतकंच: अल्कोहोल काही ॲक्रिलिक रंग आणि काही कंपन्यांची छापील अक्षरं उचलतं, आणि काही मॅट वार्निशवर पांढरट धुकं आणतं. म्हणून आधी वॅगनच्या बुडाशी, कोणाला दिसणार नाही अशा जागी, थेंब लावून पाहा. तिथं उचललं तर हाच वॉश, म्हणजे पातळ शाईचा हात, पाण्यात करा आणि साबणाच्या एका थेंबानं पाण्याचा ताण मोडा.

तिसरा टप्पा आतला गंज. इथं हात मोकळा सोडा. आतून गडद तपकिरी ॲक्रिलिक लावा, असमान. मग पॅकिंगच्या स्पंजचा फाटका तुकडा चिमट्यात धरून गेरूच्या रंगात बुडवा, कागदावर जवळपास सगळा पुसून टाका आणि भिंतीवर टिपत जा. त्यावर थोडं नारिंगी, अगदी कमी, फक्त वरच्या तिसऱ्या भागात आणि जोडांवर. वाळलं की ओल्या गेरूची पेस्ट कुठे कुठे. शेवटी काळी पेस्टल पावडर कोपऱ्यात आणि तळात, आणि ६बी पेन्सिलीचं शिसं बोटावर घासून मधल्या पट्ट्यावर फिरवा. ग्राफाइटची चमक घासलेल्या पोलादासारखी दिसते, चंदेरी रंगानं ती कधी येत नाही. हीच पेन्सिल वरच्या खरवडलेल्या कडेवर आणि कपलरच्या जबड्यावर. कड झाली की तिथून खाली दोन-चार अगदी बारीक तांबूस ओघळ. प्रत्येक पॅनलवर नाही. बाहेरचा गंज इथं संपला.

व्हिनेगरमध्ये लोखंडी कीस भिजवून खरा गंज तयार करायची रीत पुष्कळ जण सांगतात. न गंजलेले लोखंडाचे कण त्यात राहतात आणि मोटरचं तेच रडगाणं पुन्हा सुरू होतं. गेरू स्वस्त आहे, तोच बरा.

धूळ सगळ्यात शेवटी. मऊ ब्रशनं मुलतानी मातीत चिमूटभर राखाडी पेस्टल मिसळून बोगीपासून वर झटका. कडेच्या खालच्या एक-तृतीयांशात दाट, वर जाताना विरत. वरून मॅट वार्निश मारलं की पावडर निम्मी गायब झाल्यासारखी वाटते. म्हणून वार्निशआधी थोडी जास्तच टाका, किंवा ज्या वॅगनला रोज हात लागणार नाही तिच्यावर शेवटचा थर तसाच सोडा. माझा कल दुसऱ्याकडे असतो. न पक्की केलेली धूळ जितकी खरी दिसते तितकी वार्निशखालची नाही. पण तुमच्या घरी लहान मुलं असतील तर पक्की करा.

चाकांबद्दल एक चूक फार दिसते. बॉक्सएनच्या कासनब जातीच्या बोगीला रोलर बेअरिंग असतात. तिथून तेल उडत नाही, त्यामुळे चाकाचा चेहरा कोरडा तपकिरी असतो, काळा तेलकट नाही. तेलानं न्हालेली काळी चाकं आणि ॲक्सल बॉक्स ही जुन्या प्लेन बेअरिंगची खूण. चाकाची धाव, जी रुळाला टेकते, ती मात्र चकचकीत. तिथं रंग जाऊ देऊ नका. ॲक्सलच्या टोकदार टोकांनाही रंग नको, डबा अडखळतो. आणि बोगी मळवताना फ्रेम रंगवा, स्प्रिंगांमधल्या फटीत गडद वॉश सोडा, उठावाच्या कडांवर कोरड्या ब्रशनं मुलतानी रंगाचा हात. बस.

आता भरलेली वॅगन. सहापैकी चार भरलेल्या ठेवा, दोन रिकाम्या. आतलं काम दाखवायला रिकामी हवीच. कोळसा दाखवायला दगडी कोळसाच हवा. इस्त्रीवाल्याकडचा लाकडी कोळसा निस्तेज असतो, त्याला ती धार आणि चमक नाही. लोहाराकडून एक ढेकूळ मागून आणा, जाड कापडात गुंडाळून हातोडीनं फोडा, तोंडाला रुमाल बांधून. चहाच्या गाळणीतून चाळा आणि मैद्याच्या चाळणीतून भुकटी वेगळी करा. दहा सेंटिमीटरचा खरा ढेप इथं जेमतेम एक मिलिमीटर, तेव्हा गाळणीवर राहिलेलं टाकून द्या. थर्माकोल किंवा फोमचा ठोकळा वॅगनच्या आतल्या मापाचा कापा, काळा रंगवा, फेविकॉल पाण्यात तिप्पट पातळ करून त्यावर सोडा आणि कोळसा पसरा. लोडरनं भरलेल्या वॅगनला ओळीनं उंचवटे असतात, सायलोखाली, म्हणजे उंच कोठीतून, भरलेलीला एकसंध पाठ असते. ठोकळा कापतानाच कोणती भरणी हवी ते ठरवा.

ठोकळ्याच्या खाली वजन लपवा. अमेरिकेतल्या एनएमआरए संघटनेची एचओसाठी शिफारस आहे: एक औंस आणि डब्याच्या लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. बॉक्सएनच्या साधारण अकरा सेंटिमीटरच्या डब्याला हे जवळपास ९० ग्रॅम येतं. टायरवाल्याकडची चाक बॅलन्सिंगची जुनी वजनं यासाठी नामी. रिकाम्या वॅगनला वजन लपवायला जागा नसते, त्या गाडीच्या शेवटी जोडा. हलका डबा मधे आला तर वळणावर आत ओढला जाऊन उतरतो.

कोळशाशिवाय दुसरं काही करायचं मनात असेल तर मळ बदलतो, रीत तीच. गडचांदूरकडून निघणाऱ्या सिमेंटच्या बंद वॅगनवर राखाडी पांढरट थर छतावर आणि दारांच्या भोवती हवा, बुडाशी कमी. तुमसर भागातलं मँगनीज कोळशापेक्षा कितीतरी जड, त्यामुळे वॅगन काठोकाठ भरतच नाही, तळाशी ढीग असतो. तो काठापर्यंत भरलेला दाखवला की जाणत्याला खटकतं. टँकरवर झाकणाखालून दोन्ही बाजूंना चकाकणारे ओघळ, तिथं मॅट नको, ग्लॉस. आणि शकुंतला, आपली जुनी नॅरोगेज गाडी? मूर्तिजापूरची ती लाइन अडीच फुटी, ७६२ मिलिमीटर. १:८७ मध्ये ती ८.७५ मिलिमीटर येते, म्हणजे एन गेज या लहान मॉडेल मापाचा ९ मिलिमीटरचा रूळ आणि त्यावर चालणारी यंत्रणा तिला सरळ वापरता येते. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ च्या एप्रिलपर्यंत चाललं, तेव्हा तेलकट काजळीची हौस असलेल्यांनी तिकडे वळावं. नॅरोगेजच्या डब्यांची मापं घ्यायला नागपूरच्या मोतीबागेतलं संग्रहालय उत्तम. रंगाचा धडा मात्र तिथून घेऊ नका, संग्रहालयातली गाडी पुन्हा पुन्हा रंगवलेली असते.

शेवटचं, जे सहा वॅगन असलेल्यालाच सांगण्यासारखं आहे. सगळ्या एका बैठकीत, एकाच वाटीतल्या रंगानं करू नका. खऱ्या गाडीत ५८-५९ वॅगन असतात आणि त्यातल्या दोन सारख्या दिसत नाहीत. एक नुकतीच दुरुस्तीहून आलेली ठेवा: रंग ताजा, फक्त बोगी धुळकट. दुसरीवर दुरुस्तीच्या तारखेची चौकट तेवढी ताज्या गडद रंगात, त्यावर कोरी पांढरी अक्षरं, आणि आजूबाजूचा पत्रा उडालेला. यार्डातले लोक खडूनं काहीबाही लिहितात, ते अणकुचीदार पांढऱ्या पेन्सिलीनं एकीवर लिहा, वाचता येणार नाही असं. सुरुवात सगळ्यात जुन्या नंबरच्या वॅगननं करा, तिच्यावर हात जास्त पडला तरी खपतो. ताज्या वॅगनला शेवटी हात लावा, कारण कमी करणं हे जास्त करण्यापेक्षा अवघड आहे. इंजिन या सहाही झाल्यावर, आणि त्यावर सुटी पावडर अजिबात नको, फक्त वॉश आणि तैलरंग.